दोनच्या स्पीडने

मार्च सरत आला होता. कूलर अजून माळ्यावरच होता, पण दुपारी पंखा पाचवर नेला तरी पाठ भिजायला लागली होती. अशाच एका दुपारी फोनवर व्हॉइस मेसेज आला. "काकू, नागपूर करार त्रेपन्नचा का त्रेसष्टचा? मी टेस्टमध्ये लेखनिकाला त्रेसष्टवर खूण करायला सांगून आलो नं." मागे होस्टेलच्या जिन्यात कुणीतरी बादली आपटत होतं, नळ आल्याची धावपळ ऐकू येत होती. मी लगेच कळवलं, त्रेपन्न रे बाबा, २८ सप्टेंबर १९५३. कळवून झालं आणि मनात पाल चुकचुकली. ते प्रकरण मीच वाचून दिलं होतं. लॅपटॉप उघडला, फाइल लावली, पुढे ढकलत ढकलत त्या वाक्यापाशी आले. मी त्रेपन्नच म्हटलं होतं. तीनदा ऐकलं, तिन्ही वेळा त्रेपन्न. म्हणजे त्याचंच लक्ष नसेल, असं मनाशी म्हणून मी चहा टाकायला उठले.

हा मुलगा भंडाऱ्याकडचा. जन्मापासून दिसत नाही. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला नागपुरात राहतो. छापील पुस्तकं त्याला संगणक वाचून दाखवतो. एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं, मराठीही वाचतं. पण त्याच्या अभ्यासातला निम्मा ऐवज झेरॉक्सच्या दुकानातून आलेला, कुण्या हुशार मुलाने हाताने काढलेल्या नोट्सचा. बाण, चौकटी, समासात कोंबलेल्या सनावळ्या, मधूनच चहाच्या कपाचा गोल. त्या अक्षरापुढे मशीन हात टेकतं. मी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा एका मैत्रिणीने विचारलं, तुझा आवाज चांगला आहे, वाचून देशील का? आवाज चांगला आहे म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणते? झेंडा सत्याग्रह, चिमूर-आष्टी, नागपूर करार, पंचायत राज, सगळं मी डायनिंग टेबलावर बसून, लॅपटॉपच्या पोटातल्याच माइकवर वाचत होते. थोडं रंगवूनच वाचत होते म्हणा ना. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात लोक अटक करून घेत पुढे सरकतात, तिथे माझा आवाज थोडा भरून यायचा.

संध्याकाळी त्याचा दुसरा मेसेज आला. यावेळी आवाज जपून होता, मोठ्या माणसाला काही सांगताना मुलं जशी चप्पल काढून मग बोलतात तसा. "काकू, राग नका येऊ देऊ. तुम्ही वाचता तर मस्त. पण शब्दावर शब्द चढून राहिले. मी दोनच्या स्पीडनं ऐकतो नं."

दोनच्या स्पीडने!

मी इतक्या जिवाभावाने सोडलेल्या जागा, स्वल्पविरामाचा एक श्वास, पूर्णविरामाचे दोन, सगळं तो दुप्पट वेगाने पळवत होता. मला आधी रागच आला, खोटं कशाला सांगू. मग मी माझीच फाइल दुप्पट वेगावर लावली. दहा सेकंदांत मलाच माझं बोलणं कळेना. त्रेपन्नमधला ‘प’ कुठेतरी विरघळला होता आणि ‘न्न’च्या जागी नुसतं खोलीचं घोंघावणं होतं. ते त्रेसष्ट होतं, त्रेपन्न होतं, मनात आणलं तर त्रेचाळीसही होतं. आपले मराठी आकडे मुळात जुळ्या भावंडांसारखे, एका ‘प’वर आणि एका ‘स’वर त्यांची ओळख टिकलेली. तो ‘प’च पुसला गेला तर पोराने काय करावं? एक प्रश्न माझ्यामुळे चुकला होता. रात्री जेवताना यांना सांगितलं, तर म्हणाले, "अगं, एका मार्काचं काय एवढं?" ज्याने कधी स्पर्धा परीक्षा दिली नाही त्यानेच असं म्हणावं.

माझ्या आवाजाचं प्रकरण जुनं आहे. मी चौथी-पाचवीत असताना शाळेतून आम्हा सहा मुलींना सिव्हिल लाइन्सला आकाशवाणीत नेलं होतं, मुलांच्या कार्यक्रमासाठी. नागपूर केंद्र १९४८ पासूनचं, म्हणजे माझ्या वडिलांच्या लहानपणापासूनचं. त्यामुळे घरात त्या वास्तूबद्दल देवळासारखा आदर होता. स्टुडिओचं दार इतकं जड की शिपायाने खांद्याने ढकललं, आणि ते मागे मिटलं तेव्हा कानांवर कुणीतरी उशी ठेवल्यासारखं झालं. महालातल्या वाड्यात वाढलेल्या मुलीने अशी शांतता कधी ऐकली नव्हती. आमच्याकडे पहाटे हापशी, दिवसभर सायकलींच्या घंट्या, रात्री भजन. इथे मात्र मला माझ्या रिबिनीचं घासणं ऐकू येत होतं. तिथल्या बाईंनी आमच्या हातातल्या कागदांच्या टाचण्या काढून घेतल्या आणि पानं सुटी करून टेबलावर पसरली. पान उलटायचं नाही, सरकवायचं, आणि सरकवताना गप्प राहायचं. मग रविवारी घरातल्या रेडिओवर ५८५ लावून सगळे बसले. माझा आवाज आला तेव्हा मी ओरडले, ही मी नाहीच! आपला आवाज आपण रोज कवटीच्या हाडांतूनही ऐकत असतो, त्यामुळे तो आपल्याला भरदार वाटतो. बाहेर हवेतून जातो तो त्याचा सडपातळ भाऊ. हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. पण मामा म्हणाला, "पोरीचा आवाज रेडिओचा आहे हो." ते एक वाक्य मी पंचेचाळीस वर्षं जपलं. बँकेच्या काउंटरवर टोकन नंबर पुकारतानासुद्धा.

दुसरा माइक आठवतो तो गणपतीतला. मंडळाचा अहुजाचा माइक, स्टँडच्या मानेवर सुतळीने आवळलेला, जाळीला गंज, विडी आणि पेढ्याचा मिळून एक वास. हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री, मग बोटाच्या पेराने ठक ठक, मग फूः. ओठ जाळीला टेकले की मुंग्यांसारखा झटका बसायचा, कारण अर्थिंग नावाची गोष्ट मंडपवाल्याच्या गावीच नव्हती. वर निंबाच्या फांदीला भोंगा बांधलेला. त्या भोंग्यातून प्रत्येक माणूस सारखाच रागावलेला वाटायचा, संगीत खुर्चीची घोषणा असो की हरवलेल्या चपलेची. तरी बोललेलं चार गल्ल्यांपलीकडे समजायचं. हे मला तेव्हा विशेष वाटलं नव्हतं.

आता माइक घ्यायचा ठरलं. आधी आठशे-हजारातला कॉलर माइक आणला. मसुराच्या डाळीएवढा जीव, त्याला स्पंजची टोपी. भाचा पुण्याला असतो, गिटार वाजवतो, त्याला अशा गोष्टींत फार गती. त्याने सांगितलं की याच्या पोटात इलेक्ट्रेट असतं, म्हणजे कायमची वीज भरून ठेवलेला पडदा. १९६२ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅबमध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेस्लर यांनी असल्या पडद्याचा माइक शोधला आणि नंतर जगभरातल्या टेपरेकॉर्डरांपासून टेलिफोनांपर्यंत तोच बसला. शोध थोर असेल, पण माझ्या लॅपटॉपच्या भोकात तो घातला की एक बारीक घूं... सुरू व्हायचं. लॅपटॉपच्या पत्र्याला हात टेकवला की घूं कमी. चार्जर काढला की बंद. आमच्या त्या खोलीत अजून दोन पिनांचं सॉकेट आहे, ही विजेची गुणगुण तिथली. मी काही दिवस डावा हात लॅपटॉपवर ठेवून वाचलं, जपाला बसल्यासारखं. शिवाय तो माइक चारी दिशांनी ऐकणारा. पदर हलला की वादळ.

"मावशी, कंडेन्सर घे. डोळे मिटून घे," भाचा म्हणाला. मी खरंच डोळे मिटून घेतला. घरपोच आला. काळा, जड, तीन पायांच्या छोट्या स्टँडवर बसलेला, समोर एक निळा दिवा. थेट यूएसबीत लावायचा. मोठ्या स्टुडिओतल्या कंडेन्सरना म्हणे ४८ व्होल्टची वेगळी वीज त्याच वायरीतून द्यावी लागते आणि तिला फँटम म्हणतात. याला ते भूत लागत नाही, यूएसबीच्या पाच व्होल्टवरच भागतं. भाच्याने आणखी बरंच सांगितलं. रेकॉर्डिंगचा दर्जा चोवीस बिट ठेव, शहाण्णव किलोहर्ट्झ ठेव. मी ठेवलं. फाइली एवढ्या फुगल्या की अपलोड होईनात. अखेर व्हॉट्सअपवरूनच जायच्या, त्याही एमपीथ्री होऊन. एका माणसाच्या बोलण्याला ४४.१ किलोहर्ट्झ पुरून उरतं हे मला दोन रात्री वाया घालवून कळलं.

पण तो माइक! त्यात मी पहिल्यांदा बोलले आणि हेडफोनमध्ये जो आवाज आला त्याने मी विरघळलेच. मखमल. मामाने म्हटलं होतं ती बाई हीच. मी त्या दिवशी उगाचच नोट्स सोडून जुन्या कविता म्हटल्या, वर्तमानपत्रातलं राशिभविष्य वाचलं. हे दारातून म्हणाले, "दूरदर्शनवर जाऊन राहिली का?" मग मी गप्प बसले आणि गप्प बसल्यावर जे ऐकू आलं त्याने हबकले. हॉलमधल्या घड्याळाची टिकटिक. स्वयंपाकघरात फ्रिजचं कण्हणं. शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टी येण्याआधीची ती खुसखुस. सोनेगावकडे उतरणारं विमान, रद्दीवाल्याचा ‘पेप्पर’, माझ्या बांगड्या, खुर्चीची कुरकुर, आणि माफ करा, माझ्या पोटातली गुरगुर. कंडेन्सरचा पडदा इतका पातळ की त्याला काहीच नको म्हणता येत नाही. मी घड्याळातली सेल काढली. फ्रिज बंद केला आणि परत सुरू करायला विसरले. दूध नासलं.

तरीही मोठ्या अभिमानाने एक प्रकरण पाठवलं. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं.

"काकू, आवाज मोठा झाला. पण खोली पण मोठी झाली."

हे वाक्य मी बरेच दिवस विसरू शकले नाही. डोळस माणूस खोली पाहतो, त्यामुळे ती ऐकायची त्याला गरज पडत नाही. याने माझं डायनिंग टेबल कधी पाहिलं नव्हतं, पण त्याला माझी खोली दहा बाय बारा असल्याचं, फरशी गुळगुळीत असल्याचं, पडदे नसल्याचं कळत होतं. त्याने सांगितलं, "तुमच्या मागची भिंत जवळच हाय, नं?" होती. पाच फुटांवर. मला एकदम कुणीतरी घरात शिरून पाहून गेल्यासारखं वाटलं. आणि मग लक्षात आलं की त्याचे कान त्या एनव्हीडीएच्या आवाजावर पोसलेले आहेत. तो आवाज कोरडा, टिनपाटी, पण त्याला खोली नसते. तो कुठल्याच भिंतीवर आपटून येत नाही. म्हणून तो दोनने, तीनने पळवला तरी अक्षरं सुटी राहतात. माणूस मात्र खोलीत बसून बोलतो. प्रत्येक शब्द एकदा तोंडातून माइककडे जातो आणि पाठोपाठ फरशीवरून, काचेवरून, भिंतीवरून पुन्हा येतो. साध्या वेगात आपला कान ती शेपटी आपोआप झटकून टाकतो. दुप्पट वेगात त्याला तेवढी फुरसत मिळत नाही.

मी घरभर टाळ्या वाजवत फिरले. हा कुणीही करून पाहावा असा प्रयोग आहे. खोलीच्या मध्ये उभं राहून एकच कडक टाळी द्यायची आणि नंतरचं ऐकायचं. डायनिंगमध्ये टाळीमागून ‘टर्रण’ असा ताशाच्या कातडीसारखा आवाज यायचा, दोन समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये टाळी चेंडूसारखी उडत होती. बाथरूमचं विचारूच नका. देवघरात बरं, पण लोखंडी कपाट एका ठरावीक सुराला स्वतःच गुणगुणायचं. पाहुण्यांच्या खोलीत, जिथे गाद्यांची चळत आणि उन्हाळी वाळवणाच्या चादरी पडलेल्या असतात, तिथे टाळी वाजली आणि संपली. टप्प. बस.

तरी माइकचं कोडं होतंच. शेवटी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेले. तिथल्या ‘मोदी नंबर’ नावाच्या गल्ल्यांमध्ये मोबाइलच्या काचा बदलणाऱ्यांच्या रांगेमागे एक अरुंद दुकान आहे, ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं. भजनी मंडळं, बँडवाले, किराणा दुकानातले ‘चला चला’ करणारे, सगळे तिथे येतात. काचेच्या कपाटात शुअरचा एसएम ५८ होता. १९६६ पासून हा माइक जवळजवळ तसाच्या तसा निघतो, गाणाऱ्याच्या हातात आपण शंभरदा पाहिलेला तो गोल जाळीचा. दुकानदार साठीचे, नाकाच्या टोकावर चष्मा, सोल्डरचा धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून मान तिरकी करायची सवय कायमची लागलेली. मी माझी कहाणी सुरू केली. त्यांनी ती अर्ध्यात थांबवली. "ताई, स्टेजवर बोलाचं हाय का घरी?"

घरी, म्हटलं.

"टेबलावर ठेवून बोलता? दीड-दोन फुटावरून?"

हो.

त्यांनी सोल्डर बाजूला ठेवला. दुरुस्तीला आलेला एक जुना डायनॅमिक माइक उचलला आणि त्याची जाळी फिरवून काढली. आतल्या स्पंजचा पिवळा भुगा टेबलावर पडला. "हे पाहा, पोरं माइक तोंडात घालते." खाली रुपयाएवढा पारदर्शक पडदा होता, कडेला बारीक सुरकुत्या, जुन्या चिवड्याच्या पाकिटासारखा कडक. त्याच्या मागे तांब्याच्या तारेचं वेटोळं चिकटवलेलं आणि ते लोहचुंबकाच्या खाचेत बसलेलं. आपण बोललो की पडदा हलतो, वेटोळं हलतं, तारेत वीज होते. उलटं केलं की लाउडस्पीकर, एवढाच फरक. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक पडद्याच्या अगदी जवळ नेलं, टेकवलं नाही. "याच्या पाठीवर तारेचं ओझं हाय. म्हणून हा आळशी. दूरचं ऐकायचे कष्टच घेत नाही." मला ते फार पटलं. मग त्यांनीच माझ्या पटण्यात पाणी ओतलं. "पण ताई, खरं सांगू? तुमचा घरचा माइक जवळ घेतला असता तं तोही चालला असता. भिंत माइकमुळे नाही येऊन राहिली. दूर बसल्यामुळे येऊन राहिली."

यात गणित आहे, घरी येऊन भाच्याकडून पक्कं केलं. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की थेट आवाज सहा डेसिबलने वाढतो. खोलीतून फिरून येणारा आवाज मात्र आहे तेवढाच राहतो, कारण तो सगळीकडे सारखाच पसरलेला असतो. दीड फुटावरून चार बोटांवर आलं की पंधरा-सोळा डेसिबलचा फायदा, एक रुपया न खर्चता. भाच्याला हे माहीत होतं. मग आधी का नाही सांगितलंस? "मावशी, तू माइक कुठला घेऊ विचारलं होतंस."

कंडेन्सर चार बोटांवर घेऊन पाहिला. ‘प’ आला की धप्प. ‘फ’, ‘भ’ आला की कुणी कानात फुंकर घातल्यासारखं. मराठीत असे फुंकर मारणारे वर्ण किती आहेत हे माइकसमोर कळतं. भारत, भाषा, फाळणी, प्रांतिक, प्रत्येक शब्द एक छोटा फटाका. भरतकामाच्या रिंगेवर जुनी जाळीची ओढणी ताणून आडोसा केला, माइक तोंडाच्या जरा बाजूला तिरका धरला, तेव्हा फटाके कमी झाले. तेवढ्यावर भागलं असतंही. तरी मी पुन्हा बर्डीवर जाऊन तो आळशी जातीचाच घेतला, एक शेपूट यूएसबीची आणि एक स्टेजची तीन पिनांची असलेला. पैसे वाया गेले का? थोडे गेले. पण शेजारचा कुकर त्याला ऐकू येत नाही, निदान माझ्या चार बोटांच्या तुलनेत येत नाही, आणि मला दर वाक्याला फ्रिजची चिंता करावी लागत नाही. कंडेन्सर भाच्याला दिला. तो म्हणे त्यावर फार छान गाणं रेकॉर्ड करतो. त्याच्या खोलीत गालिचा आहे.

गोधडीचीही एक गंमत झाली. आईच्या लुगड्यांची जड गोधडी पेटीतून काढली, डांबरगोळ्यांचा वास झटकला आणि पाहुण्यांच्या खोलीत माझ्या समोर, माइकच्या मागे दोरीवर टांगली. तोंड गोधडीकडे, म्हणजे आवाज तिथेच जिरेल, हा माझा हिशोब. फार काही फरक पडेना. मग लक्षात आलं, हा माइक बदामाच्या आकारात ऐकतो. समोरचं पूर्ण, बाजूचं अर्धवट, पाठीमागचं जवळजवळ काहीच नाही. त्याची पाठ गोधडीकडे होती आणि तोंड माझ्याकडे, म्हणजे माझ्या पाठीमागच्या उघड्या भिंतीकडे! गोधडी माझ्यामागे टांगली. आता बसते तेव्हा आईच्या लुगड्याचा एक अंजिरी काठ मानेला लागत असतो. मे महिन्यात तो काही सुखाचा लागत नाही.

कारण तोवर मे आला होता. नागपूरचा मे आणि रेकॉर्डिंग हे दोन्ही एका घरात राहू शकत नाहीत. कूलर लावला की आवाजाचा तळ वर येतो. ऑडिओबुकवाले म्हणे शांततेत उणे साठ डेसिबलच्या खाली मागतात, आकडा जितका उणे तितकी शांतता. माझ्याकडे शेजारच्या खोलीतला कूलर सुरू असताना उणे अडतीस आलं, पंपाच्या बुडबुड्यांसकट. कूलर बंद केला की खोली दहा मिनिटांत भट्टी. मग पहाटे पाचची वेळ धरली. कूलर बंद, पंखा बंद, दार बंद, मानेभोवती ओला दुपट्टा, मागे गोधडी. पानं सुटी, टाचण्या काढलेल्या. वीस मिनिटं वाचायचं, बाहेर येऊन माठातलं पाणी प्यायचं, पुन्हा वीस मिनिटं. नवतप्यात, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या त्या नऊ दिवसांत, तर पहाटेही घाम कोपरावरून कागदावर पडायचा आणि एखादी सनावळी फुगून बसायची. कोकीळ मात्र साडेचारलाच सुरू करते. आधी मी थांबायचे, तिचं होऊ द्यायचे. ती काही थांबत नाही असं पाहिल्यावर वाचत सुटले.

आणि चार बोटांवरून बोलल्याने आणखी एक झालं. या जातीच्या माइकच्या जवळ गेलं की खर्ज आपोआप फुगतो. माझा आवाज कंडेन्सरपेक्षाही भारदस्त झाला. निवेदिका, अगदी रात्रीच्या कार्यक्रमाची. हेडफोनमध्ये मी तो पुन्हा पुन्हा ऐकला आणि या वेळी तरी तो काहीतरी म्हणेल म्हणून वाट पाहिली. तो म्हणाला, "खोली गेली काकू! पण आता आवाज पोत्यात घातल्यासारखा येते. स अन् श कळत नाही." स, श, च, थ यांची खूण वर असते, हजारोंच्या कंपनसंख्येत. खाली शे-दोनशेवर जो फुगवटा आला होता तो त्यांच्या अंगावर बसला होता. जुन्या लँडलाइनवर ३४०० हर्ट्झच्या वरचं कापलं जायचं, म्हणून नाव सांगताना ‘स सशातला’ असं सांगावं लागे. त्याचाच हा दुसरा अवतार.

ऑडॅसिटी नावाच्या आवाजाची काटछाट करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये खर्ज कापायची सोय आहे. शंभरच्या खालचं उडवलं, दोनशेच्या आसपासचं इक्वलायझरने चापून बसवलं. प्रत्येक वेळी बटण दाबलं की आधी कसं होतं आणि आता कसं, हे ऐकता येतं. आधी ती रात्रीची निवेदिका. नंतर एक मध्यमवयीन बाई, जरा किनऱ्या आवाजाची, बँकेच्या काउंटरवरून टोकन पुकारणारी. मी बराच वेळ त्या बटणाशी खेळत बसले. उगाच एकदा दोनशेचं थोडं परत वाढवलं, मग पुन्हा कमी केलं. शेवटी पाठवून दिलं आणि फोन उपडा ठेवून पोळ्या करायला गेले.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज. "काकू, आता अडीचनं ऐकून राहिलो."

पोळी तव्यावर होती. ती उलटली, गॅस बारीक केला आणि ओल्या हातानेच फाइल उघडली. तीच, नागपूर कराराची, पुन्हा वाचलेली. वेग अडीचवर नेला. अर्ध्या तासाचं प्रकरण बारा मिनिटांत संपणार होतं. त्या वेगात मी आईसारखी वाटले. सकाळी साडेसहाला, शाळेची वेळ झालेली, एका हाताने वेणी घालत दुसऱ्या हाताने डबा भरत एका दमात सगळं सांगून टाकणारी. कुठे श्वास नाही, कुठे भरून येणं नाही. मी ते वाक्य यायची वाट पाहत उभी राहिले. अठ्ठावीस सप्टेंबर एकोणीसशे त्रेपन्न. मागे नेऊन पुन्हा लावलं. त्रेपन्न. ‘प’ खणखणीत होता.

पोळी करपली होती.